शाफ्टवर बसलेला माणूस

जानूआबांच्या शर्टाच्या खिशावर सेफ्टी पिनांची रांग टोचलेली असायची. लहानमोठ्या, काही गंजायला आलेल्या. लग्न असो, बारसं असो, ग्रामसभा असो, आबा दारापाशी उभे. येणाऱ्या बाईचा पदर लोंबताना दिसला, एखाद्या पाहुण्याचं उपरणं भुईवर लोळताना दिसलं, की खिशावरची एक पिन काढायची, नजर भलतीकडे ठेवायची आणि हात पुढे करायचा. "आवर गो." पुरुष असला तर "आवर रे." एवढंच. आजूबाजूला यंत्राचा मागमूस नसायचा, सनई वाजत असायची, पण आबांना कुठेतरी काहीतरी फिरताना दिसायचंच.

माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. मी महाडची, बाजारपेठेत वाढलेली. लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी आमच्या या वाडीत आले, तेव्हा उंबरठ्याशी माप ओलांडायला उभी होते. धुकं इतकं की अंगणातली माणसं अर्धीच दिसत होती. त्या धुक्यातून एक हात आला, हातात पिन. "पदर खोच गो पोरी, मग जा आत." मी चिडलेच. नव्या नवरीला आशीर्वाद द्यायचा सोडून हा कोण मला कपडे नीट करायला शिकवणारा? नवरा कानाशी पुटपुटला, "आबा आहेत. घे पिन आणि गप चल." सासूबाई बघत होत्या म्हणून घेतली, नाहीतर तिथेच दोन शब्द सुनावले असते.

पुढे कळलं, पूर्ण नाव जनार्दन तांबे. बौद्धवाडीतलं पहिलंच घर त्यांचं. उभं आयुष्य त्यांनी बिरवाडीला भाड्याच्या खोलीत काढलं होतं आणि तिथल्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीच्या खात्यात नोकरी केली होती. बायको लवकर गेली, मुलगा मुंबईकडे. निवृत्त झाल्यावर आबा वाडीत परत आले, ओट्यावर खुर्ची टाकली आणि डोळे अर्धे मिटून बसले. त्यांचं बोलणं म्हणजे दुपारी जेवणानंतर लावलेला रेडिओ. ऐकणाऱ्याला जांभई यायची, पण उठवत नसे. बोलता बोलता मध्येच थांबायचे, समोरच्या डोंगरावरून ढग सरकताना बघायचे आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच पुन्हा उचलायचे.

एवढा सावध माणूस म्हणजे याच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असणार, असं सगळ्यांनी धरून चालायचं. वाडीत त्याच्या गोष्टी फिरायच्या. कोणी म्हणायचं, त्यांच्या डोळ्यांदेखत जिवलग मित्राचा हात पट्ट्यात गेला. कोणी म्हणायचं, भावाचा जीव गेला. माझ्या सासूबाईंकडे तर अशी एक हकीकत होती की ऐकणाऱ्याच्या घशाखाली घास उतरू नये. मी एकदा सरळ विचारलंच. आबा हसले. "कायच झालं नाय गो."

"काहीच नाही?"

"माझ्या खात्यात, माझ्या नोकरीत, कोणाचं नख पण गेलं नाय. म्हणून तर सांगतो. हात तुटल्यावर शाणा कोणी पण होतो, त्यात काय मोठंसं?"

माझा विरसच झाला, खोटं कशाला बोलू. तालुक्याला शेती यंत्रांचं एक शिबिर होतं, तिथेही हेच झालं. आयोजकांनी आबांना मोठ्या मानाने बोलावलं होतं. गळ्यात शाल घातली, ती आबांनी लगेच घडी करून काखेत दाबली. मग माइक हातात दिला, "आबा, तुम्ही पाहिलेला एखादा भीषण अपघात सांगा." आबा बराच वेळ आठवत राहिले. अख्खा मंडप श्वास रोखून बसला. शेवटी आबा म्हणाले, "नाय आठवत. झालाच नाय," आणि खाली बसले. टाळ्यासुद्धा धड पडल्या नाहीत. येताना जीपमध्ये म्हणाले, "लोकांना गोष्ट पायजे. न झालेल्याची गोष्ट कशी सांगायची, तूच सांग." मी म्हटलं, एखादी रचून सांगायची होती. तर म्हणाले, "तसं कराया गेलो तर कोणाचा तरी हात तोडावा लागतो. गोष्टीत पण कशाला?"

आता मशीनकडे येते. आमच्या आणि बौद्धवाडीच्या बायकांचा मिळून एक बचत गट आहे आणि त्याची अध्यक्ष मी. माझा आवाज मोठा म्हणून केलं असावं. गटाने भाताचं मळणी यंत्र घेतलं. प्रदीप नावाच्या गावातल्याच माणसाचा ट्रॅक्टर भाड्याने आणायचा, तो यंत्राला जोडायचा आणि वाडीचं सगळं भात मळून काढायचं. ट्रॅक्टरच्या पाठीमागून यंत्रापर्यंत एक लोखंडी दांडा जातो, तो शाफ्ट. ट्रॅक्टर तो फिरवतो, तो यंत्राला फिरवतो. एकीत एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात आणि दोन्ही टोकांना गुडघ्यासारखे सांधे. वरून पिवळ्या प्लास्टिकचं कव्हर. आतला दांडा गरगर फिरत असतो, पण कव्हर बारीक साखळीने अडकवलेलं असतं, त्यामुळे ते जागचं हलत नाही आणि कोणाचा पदर, उपरणं आतल्या दांड्यावर गुंडाळलं जात नाही. आबांना हे कव्हर फार आवडायचं. "आत गरगर, भायेर गप. माणसाला असं जमलं पायजे," म्हणायचे. मला जमलेलं नाही.

एका वर्षी मळणी ऐन तोंडावर आलेली आणि शाफ्टचा सांधा तुटला. भात कापून झालेलं, भारे बांधून खळ्यावर आणलेले. त्या दांड्यात एक मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट असतो. यंत्रात पेंढा अडकला की तो तुटतो आणि बाकी सगळं वाचतं. प्रदीपने तो काढून चांगला पक्का बोल्ट ठोकला होता. "सारखा तुटायचा ओ आबा, कटकट नुसती," तो म्हणाला. आबांनी तुटका सांधा मांडीवर घेतला, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "तो तुटत व्हता म्हणून हे टिकत व्हतं रे. घरात पण एक माणूस असा लागतो, पटकन रडणारा. तो रडला की बाकीच्यांना कळतं, कायतरी अडकलंय." प्रदीप खाली मान घालून बसला. मला मात्र हसू आलं, कारण आमच्या घरात ते काम नवरा करतो.

नवा शाफ्ट आणायचा तर आधी माप. मी टेप काढली, आबांना टेप नको होती. त्यांनी दोन सरळ बांबूच्या काठ्या आणल्या. प्रदीपला ट्रॅक्टर यंत्राच्या जवळात जवळ आणायला लावला, दोन काठ्या एकमेकींना चिकटवून मध्ये धरल्या, खुणा केल्या. मग ट्रॅक्टर लांबात लांब नेला, काठ्या सरकवल्या, परत खुणा. "जवळ आला तरी दोन बोटं मोकळी पायजेत," म्हणाले, "नायतर चाक खड्ड्यात गेलं की दांडा मशीनच्या पोटात शिरतो. आणि लांब गेला तरी एक नळी दुसरीत तिसरा हिस्सा तरी शिरलेली पायजे. नायतर सुटतो, आणि सुटला की तो कोणाचा नसतो." बोलत होते हळूहळू, झोपेत बोलल्यासारखं, आणि हात मात्र खुणा अचूक करत होते. आम्ही बायका भाऱ्यांना टेकून ऐकत होतो. ऊन कोवळं होतं, पेंढ्याचा वास होता, आणि खरंच सांगते, मला तिथे डुलकी लागली.

त्या काठ्या घेऊन आम्ही एसटीने महाडला निघालो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, देवाच्या काठ्या का?" आबा म्हणाले, "नाय, मशीनच्या." कंडक्टरने हात जोडायला उचलले होते, ते तसेच राहिले. मी खिडकीकडे तोंड करून हसत बसले.

सुट्या भागांचं दुकान मुनाफभाईंचं. अर्धं आयुष्य आखातात काढून आलेला दिलदार माणूस, आबांचा बिरवाडीपासूनचा स्नेही. "आवो जानूशेठ," त्यांनी खुर्ची पुढे केली, "आज किसका लगीन मोडायला आला?" कारण आबा गिऱ्हाइकांमध्ये बसायचे आणि ज्याला त्याला सांगायचे, हा घेऊ नको, तुझ्या ट्रॅक्टरला जड पडेल, तो घेऊ नको, हलका पडेल. मुनाफभाई कपाळावर हात मारून घ्यायचे, पण आबा महिनाभर दिसले नाहीत तर फोनही तेच करायचे.

दुकानात आमच्या जोगे दोनच शाफ्ट होते. दांडा बसायच्या खाचा दोघांच्याही जुळत होत्या, ताकदही बरोबर. एक होता आखूड, कव्हरासकट तयार, नेला की लावला. दुसरा लांब, कापून घ्यायला लागणारा, आणि त्याचं कव्हर येताना वाटेत फुटलेलं. मी म्हटलं, आखूड घेऊ, आभाळ भरून येतंय, परतीचा पाऊस कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आबांनी काठ्या आखूड शाफ्टला लावल्या, मान हलवली. "लांब कापता येतो गो. आखूड ताणता येत नाय."

"थोडाच तर आखूड आहे, आबा!"

"थोडाच सुटंल मग," आबा म्हणाले आणि लांबवाल्यावर हात ठेवला. मुनाफभाई म्हणाले, कव्हर दोन दिवसांत मागवून देतो. आबा म्हणाले, गरज नाही, नळ्या जुन्या शाफ्टच्याच मापाच्या आहेत, जुन्याचं कव्हर गटाच्या शेडमध्ये आहे, ते बसेल. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

वाडीत येऊन आबांनी काम काढलं. दोन्ही नळ्या सारख्याच कापल्या, कापलेल्या कडा कानशीने घासल्या, बोट फिरवून बघितल्या, ग्रीस लावलं. दोन्ही टोकांच्या सांध्यांची दुफाटी शिंगं एका रेषेत आली आहेत ना, हे तीनतीनदा डोळा लावून बघितलं. "शिंगं वाकडी बसली तर दांडा लंगडत फिरतो. लंगडणारं जनावर लवकर मरतं." मग म्हणाले, "आता कव्हर आणा."

शेडमध्ये कव्हर नव्हतं.

शोधाशोध झाली. शेवटी हिराबाय म्हणाली, "तो पिवळा पायप काय? तो मी नेला." हिराबाय म्हणजे आमच्या गटातली सगळ्यात कष्टाळू बाई. नवरा नाही, मुलगा पुण्याला ड्रायव्हर, घरात ती आणि नवी सून मनीषा. तिच्या घरामागे डोंगरातून एक झरा येतो. हिराबायने ते कव्हर कोयत्याने उभं चिरलं होतं, त्याचं पन्हळ केलं होतं आणि झऱ्याचं पाणी थेट मोरीपर्यंत आणलं होतं. आम्ही सगळे जाऊन बघून आलो. पिवळ्याधमक पन्हळातून पाणी झुळुझुळू येत होतं, खाली मनीषाने हंडा लावला होता. इतकं छान दिसत होतं की रागावताही येईना. आबा थोडा वेळ पाणी बघत उभे राहिले. "बेस केलंस गो," म्हणाले. "पण मशीन आता कव्हराशिवाय नाय चालायची."

आता नीट ऐका, कारण खरी गोष्ट इथे आहे. खळ्यावर पहिला नंबर हिराबायचा होता. तिचं वर्षाचं खाणं त्या भाऱ्यांत होतं, दुसरं काही नाही. प्रतापगडाच्या अंगाने आभाळ काळंभोर होऊन खाली उतरत होतं. ट्रॅक्टर तयार, यंत्र तयार, शाफ्ट लावलेला, माणसं उभी. नव्हतं ते फक्त एक प्लास्टिकचं नळकांडं. हिराबाय म्हणाली, "आबा, सगळ्या कोकणात असंच चालतं. कोण लावतं कव्हर? चालू दे." प्रदीप म्हणाला, "मी बघतो ना, कोणाला जवळ येऊ देणार नाय." मी स्वतः म्हटलं, "आबा, फक्त हिराबायचं मळून घेऊ, मग बंद." मी तर चांगली ओरडले. त्या वेळी बरोबरच होतं ते ओरडणं, डोक्यावर पाऊस असताना कोणीही ओरडेल.

आबा पुढे झाले. यंत्राच्या दोन्ही अंगांनी एकदा चालून आले. भारे पुरवायला मनीषा उभी राहणार होती, ती जागा शाफ्टच्या अगदी शेजारी. तिथे ते क्षणभर थांबले. मग धोतर सावरून घ्यावं तशी लुंगी सावरली आणि बंद ट्रॅक्टरच्या त्या उघड्या शाफ्टवर, बाकावर बसावं तसे, जाऊन बसले.

"मी बसलोय," म्हणाले. "आता फिरवा."

कोण फिरवणार? प्रदीपने ट्रॅक्टरची किल्ली काढून माझ्या हातात दिली, मोटरसायकलला किक मारली आणि महाडचा रस्ता धरला. दुकानातल्या दुसऱ्या एखाद्या लांब शाफ्टचं कव्हर काढून द्या, असं मी मुनाफभाईंना फोन करून सांगितलं. ते बिचारे "भेजो, भेजो" म्हणाले. पण महाडपर्यंत जायचं आणि परत यायचं, हायवेचं काम, वेळ लागणारच होता.

हिराबायने मग काय केलं, एक भारा सोडला, खळ्यावर जुनी फळी पडली होती ती उभी केली आणि पेंढी आपटायला सुरुवात केली. पूर्वी हातानेच झोडायचे तसं. आबांच्या समोर, त्यांच्याकडे बघत. धप. धप. धप. दोन बायका मदतीला गेल्या. वरून धुकं उतरलं. थोड्या वेळाने मला हिराबाय दिसेना, नुसता आवाज येत होता. आणि आबा शाफ्टवर बसलेले, हात मांडीवर, डोळे मिटलेले. त्या पांढऱ्या धुक्यात ते जमिनीला न टेकता अधांतरी बसलेत असं वाटत होतं. मला अजूनही ते तसेच स्वप्नात दिसतात, आणि स्वप्नात तो आवाज थांबत नाही. झोपले असतील म्हणून मी हळूच जवळ गेले. डोळे न उघडता म्हणाले, "माझ्या घरावरचा कागद काढा. भाऱ्यांवर टाका." त्यांचं घर गळायचं, म्हणून कौलांवर प्लास्टिकचा मोठा कागद घातलेला होता. तो आम्ही काढून आणला आणि भाऱ्यांवर टाकला.

पाऊस आलाच. वाऱ्याने कागद एका बाजूने फाडला. आम्ही कोपरे धरून उभ्या राहिलो, पण किती धरणार? आबा पावसात जागचे उठले नाहीत. प्रदीप आला तेव्हा पावसाचा जोर सरला होता. आबांना उठवायला दोघं लागली, पाय बधिर झाले होते. तरी त्यांनी नवं कव्हर मापाला कापलं, दांड्यावर चढवलं, टोक ट्रॅक्टरला टक्‌ असा आवाज येईपर्यंत ढकललं, परत ओढून बघितलं, दोन्हीकडच्या साखळ्या अडकवल्या. सगळं अगदी नीट बसलं. आणि मळायला काहीच नव्हतं, कारण भात भिजलेलं होतं.

उन्हं पडल्यावर मळणी झाली. इतरांचं बहुतेक वाचलं. हिराबायचे भारे वाऱ्याच्या बाजूला होते, त्यांतल्या कितीतरी दाण्यांना कोंब आले, बाकीचे काळवंडले. वर्षभर तिने तो वास येणारा भात रांधला आणि खाल्ला. एकदा मी तिच्याकडे गेले असताना तिने मला मुद्दाम ताट वाढलं. मी गिळला कसाबसा. म्हणाली, "सांग जाऊन तुझ्या आबाला, कसा लागतो."

आबांनी आपल्या वाट्याच्या भाताचं पोतं तिच्या दारात नेऊन ठेवलं. सकाळी ते आबांच्या ओट्यावर परत. आबांनी पुन्हा नेलं, पुन्हा परत. कोण कधी उचलतं, कोणी पाहिलं नाही. वाडीतली माणसं रोज उठून आधी बघायची, आज पोतं कुठे मुक्कामाला आहे. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी ते मधल्या रस्त्यातूनच उचललं आणि पोरांना खिचडी घातली. दोघांनीही हूं की चूं केलं नाही. पण हिराबाय आबांशी बोलली नाही ती नाहीच. समोरून आबा आले की ती रस्ता बदलायची, आणि आबा पिन काढायला खिशाकडे गेलेला हात खाली घ्यायचे.

मी एकदा आबांना या विषयावर छेडलं. महाडजवळ सव गावी गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथे गेलो होतो आम्ही, गटाच्या बायका आणि आबा. त्यांचे गुडघे धरायचे, गरम कुंडाच्या पाण्याने बरं वाटायचं. आबा पायरीवर बसून पाय पाण्यात सोडून होते, भोवती वाफ. मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी चालवलं असतं तर काही झालंही नसतं कदाचित."

"कदाचित," आबा म्हणाले.

"मग? हिराबायचं भात वाचलं असतं."

आबा पाण्यात पाय हलवत राहिले. मला वाटलं, डोळा लागला. बऱ्याच वेळाने वाफेतून आवाज आला, "भात भिजला तो सगळ्यांनी बघितला. माझ्याकडे दाखवायला काय हाय? कायच नाय. तिला राग येणारच गो. तिचा राग मला दिसतो, तेवढं पुरे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पण मनात वाटतं कधी कधी. तिने एकदा बोलावं. शिव्या घातल्या तरी चालंल." त्यांचे डोळे ओले झाले होते की वाफ होती, मी विचारलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

त्यानंतरच्या मळण्यांना आबा कायम हजर. खुर्ची टाकून बसायचे. आधी किल्ली ट्रॅक्टरमधून काढून स्वतःच्या मुठीत घ्यायचे, मग आम्ही बायका शाफ्ट लावायचो. शिंगं बघायची, टक्‌ ऐकायचं, ओढून बघायचं, साखळी अडकवायची, बोल्ट कच्चाच आहे ना याची खात्री करायची. झालं की आबा किल्ली प्रदीपला द्यायचे. मनीषा भारे पुरवायला उभी राहायची. ती या कामात फार तरबेज झाली. हिराबाय मात्र मळणीला यायचीच नाही, आपलं भात सुनेबरोबर पाठवून द्यायची. मशीन चालू झालं की आबा डोळे मिटायचे. लोक म्हणायचे, म्हातारा झोपला. पण आवाजात जरा फरक पडला की त्यांचा हात वर जायचा, आणि प्रदीप इंजीन बंद करायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आबा गेले. दुपारी जेवले, ओट्यावरच्या खुर्चीत बसले, समोरचा डोंगर ढगात गेला होता. शेजारची बाई चहा घेऊन आली तर हाकेला ओ येईना. इतकं अलगद गेले की तिने चहाचा कप थोडा वेळ त्यांच्या हाताशी धरून ठेवला होता.

विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मुलगा आला होता, वीर स्टेशनला उतरून रिक्षाने. मुनाफभाई आले, कोपऱ्यात बसून रुमालाने डोळे पुसत होते. एकेक जण बोलायला उठायचा आणि अडकायचा. चांगले होते, सज्जन होते, यापुढे गाडी जाईना. सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. त्यांनी कोणाचा जीव वाचवला असं कोणालाच सांगता येईना. मलाही बोलायला सांगितलं, माझा एवढा मोठा आवाज, पण तोंडातून शब्द फुटेना. मी नुसते हात जोडून खाली बसले.

तेव्हा बायकांच्या मागच्या रांगेतून हिराबाय उठली. ती आलेली आहे हेच मला माहीत नव्हतं. सगळे वळून बघायला लागले. ती पुढे आली नाही, तिथूनच बोलली.

"त्याने माझा भात भिजवला," ती म्हणाली. "वर्षभर कुजका भात खाल्ला मी. तो राग हाय. आज पण हाय, खोटं नाय बोलणार."

मुलाने मान खाली घातली. कोणीतरी तिला बसवायला हात धरला, तो तिने झटकला.

"पण त्याच्यानंतर दर मळणीला माझी सून त्या मशीनपाशी उभी राहायची. दिवसभर. आणि मी घरी निजायची. एवढी वर्षं मशीनचा आवाज यायचा आणि मी निवांत निजायची. तो बसलाय तिथे, माहीत व्हतं." तिने दाराकडे बघितलं. "आता पुढच्या मळणीला मला झोप नाय येणार."

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. मी उठले, बायकांतून वाट काढत तिच्याजवळ गेले आणि तिला कुशीत घेतलं. मी तिच्या कानाशी म्हणाले, "झोप गो तू. मी आहे ना."